पेळू बदलून पाहिला

१२ जानेवारी ५४, वर्धा
आर्वीहून दादाचं पत्र. वहिनीला जाऊन सहा महिने झाले. 'नोकरी सोड, घरी ये, तिन्ही पोरांना बघ.' लगेच 'येते' लिहून टपालात टाकलं. दुसरं काय लिहिणार? संध्याकाळी चरख्यावर सूत सारखं तुटत होतं. कापसाचा पेळू दमट असणार.

१५ जाने.
पेळू बदलला. चाकाची माळ बदलली. सूत गुंडाळणारी चाती सरळ करून आणली. तरी तेच. कताई शिकवणारी मी, आणि माझंच सूत तुटतं. वर्गात पुढच्या रांगेतल्या बाया हसल्या.

१९ जाने.
गंगाबाई आल्या होत्या. मला चरखा त्यांनीच शिकवला. थोडा वेळ नुसतं पाहिलं. "पेळू बरा हाय. तू दम रोकून राह्यली. काऊन?"
राग आला. श्वास कुणी मोजून घेतं का?
मग त्यांनी विचारलं, "आर्वीले कधी जातं?" खांदे कानापर्यंत गेले, माझे मलाच दिसले.

२१ जाने.
आर्वी मनात आली की पोट आत, दम अडकतो, चिमटीतला पेळू आवळला जातो, सूत तट्. आई गेल्यावर बारा वर्षं त्याच चुलीपुढं काढली. तिशी उलटल्यावर इथं आले. 'येते' लिहिताना हे काहीच आठवलं नाही, आणि पोटाला मात्र...
लाज वाटते. तिकडं आईविना पोरं, आणि मी पोटाचं ऐकत बसले.

२७ जाने.
'येत नाही' असं लिहिलं. फाडलं. रविवारी दादा न्यायला येतोय.

३१ जाने., रविवार
दादा आला. बरोबर धाकटी चिमी, तीन वर्षांची. माझ्या मांडीवर येऊन झोपली. हात रिकामे राहवेनात, तिला तशीच ठेवून चरखा फिरवला. लांबच लांब सूत. एकदाही तुटलं नाही.
दादा म्हणाला, "मंग चाल ना. पेटी भरली नाई अजून?"
खांदे पुन्हा वर.
म्हणजे पोर नको असं नाहीच. ते घर नको. इतके दिवस मी दोन्ही एकच समजत होते. आधी श्वास सोडला, मग विचारलं, "दादा, इले माह्यापाशी ठेवतं का?"
त्यानं चहा संपवला. चिमीच्या झबल्याचा बंद सोडला, पुन्हा बांधला.
"अन् मोठ्या दोघाईचं काय?"
चिमी जागी होईपर्यंत मी चरखा फिरवत राहिले, पेटी भरायला उठले नाही.