चिंचेपासून बारा पावलं

औंध,
बुधवार, ता. १६ एप्रिल २०२५

चि. वीरधवल,

तुम्हा सगळ्यांना माझे आणि तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पायरीवरून घसरलो, डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, फार काही नाही. टेम्पोवाला ऋषिराज तुझ्या नव्या घराच्या खिडक्या घेऊन जतकडे निघालाय. आत्ता तो पडवीत चहा पितोय. त्याचा चहा होईतो हे लिहून त्याच्या हाती द्यायचंय. तुमच्या माळावर रेंज नाही. असती तरी तू माझा फोन उचलला नसतास.

दिवाळीत शिवांजलीच्या हातावर मी मारलं, ते चुकलंच. चार वर्षांचं लेकरू ते. माझ्या जुन्या चित्रपुस्तकातल्या हत्तीला तिनं खडूनं लाल मुंडासं रंगवलं आणि माझं भान सुटलं. नात उचलून तू निघालास, जाताना म्हणालास, "दादा, तुला पोरापरास पुस्तकं लाडकी हायती." तेव्हा राग आला होता. आता नाही येत.

माझी खोड तुला माहीत आहे. जुनं पुस्तक घरी आलं की आधी खोडरबर घेऊन बसायचं. पोरांनी लिहिलेली नावं, गणितं, रेघोट्या, सगळं पुसून पान कोरं करायचं. चित्रकलेचा मास्तर मी, आणि पोरांच्या हातची रेघ मला खपत नाही. वहिनी हसते यावर. हसू दे.

बघ, अजून मुद्द्याला हात घालवत नाहीये.

दोन वर्षांमागं तू ती माळावरची जागा घेतलीस, तेव्हा मी बरोबर होतो. तू सातबारा बघत होतास आणि मी जागा विकणाऱ्या धोंडुबाईच्या ट्रंकेत डोकं घालून बसलो होतो. त्यात बकरीच्या जत्रेचं पुस्तक मिळालं. दोनच रंगांत छापलेलं, पण प्रत्येक बकरीचा चेहरा वेगळा. तिच्या धाकट्या भावाला, नाथाजीला, शाळेत बक्षीस मिळालेलं. म्हातारीनं ते मला दिलं, पण हातातून सोडेना.

"न्या मास्तर," म्हणाली. "पर मागलं पान आदी तुमच्या भावाला दावा. ह्या रानात आमचं जोंधळ्याचं पेव हाय. कुटं हाय ते नाथाजीनं काडलंय. मला आता धड सांगता यायचं न्हाई, लय वरसं झाली."

नाथाजी नऊ वर्षांचा होता. जमिनीत धान्य साठवायच्या त्या पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत खोलीएवढी पोकळी. उघडल्यावर कोंडलेली हवा जायला अर्धा दिवस थांबावं लागतं. तो थांबला नाही, आत उतरला आणि गुदमरून गेला. त्याला वर काढल्यावर घरच्यांनी तोंडावर फरशी टाकली, माती लोटली, आणि त्या बाजूला पुन्हा कुणी गेलं नाही.

मी म्हातारीला म्हणालो, दाखवतो.

तुला दाखवलं नाही. तू गाडीत घाई करत होतास, नंतर राहिलं, मग मी विसरलो. आणि एका दुपारी नेहमीसारखा बसून ते पान मी स्वच्छ केलं. वीरू, मीच पुसलं ते. धोंडुबाई गेल्या पौषात गेली. आता विचारायला कुणी उरलं नाही.

मघाशी ऋषिराजनं मागच्या खेपेचा फोटो दाखवला. जेसीबीनं तुझं अंगण सपाट केलंय. चिंचेखाली शिवांजली खुरपं घेऊन उकरत बसली आहे. तिच्या मागं जमीन ताटाएवढी गोल दबलेली दिसते. सावली असेल. मला सावली वाटत नाही.

तेव्हापासून पान खिडकीशी तिरपं धरून बसलोय. पेन्सिल पुसली, पण नाथाजीनं दाबून काढलं होतं, त्याचे वळ राहिलेत. चिंच दिसते. 'बारा पावलं' वाचता येतं. बाण कुठल्या दिशेला, तेवढंच दिसत नाही. तिथंच मी सगळ्यात जास्त घासलं.

बारा पावलं नऊ वर्षांच्या पोराची आहेत, तुझी नाहीत. चिंचेभोवती चारी बाजूंना दोरी बांध. ट्रॅक्टर उभा करू नकोस. पहारीनं लांबूनच ठोकून बघ, कुठं पोकळ वाजतं ते. फरशी सापडली तरी आत कुणी डोकावायचं नाही, तूसुद्धा नाही. तुझ्या फौजेतल्या धाडसाची मला फार भीती वाटते.

ऋषिराजलाही सांगितलंय, पोचल्या पोचल्या खिडक्या राहू देत, आधी पोरीला उचलून ओट्यावर बसव. त्याला पोचायला दुपार होईल. तोवर मी काय करू, कळत नाही.

लाल मुंडाशाचं पान मी पुसलेलं नाही. खडू जात नाही म्हणून नव्हे. पुसायला घेतलं होतं, हात चालला नाही. ते पुस्तक आता तिचं.

ऋषिराज उठला. माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर बोलू नकोस. फक्त 'शिवांजली ओट्यावर आहे' एवढं एका कागदावर लिहून त्याच्या हाती पाठव. तिला धरता आली तर पेन्सिल तिच्याच हातात दे.

वाट बघणारा,
दादा