खरा उगवता सूर्य

४ ऑगस्ट, सकाळ
आजपासून नेता व्हायचं. पक्कं ठरलं. काल कॉलेजात लीडरशिपवर व्याख्यान झालं. पाहुणे म्हणाले, कॅम्पसवर संधी सगळीकडे पडलेल्या असतात, फक्त नजर पाहिजे. संध्याकाळी कृषी विभागापासून गेटपर्यंत नजर ठेवून चाललो. एक कुत्रा झोपलेला दिसला. पण सुरुवात झाली.
खोलीवर येऊन लिंबरला सांगितलं. लिंबर माझ्याच गावचा, खाणीखालच्या वस्तीतला. पहिलीपासून एका बाकावर बसलो, इथे कोचाबांबा शहरात एका खोलीत राहतो. त्याने विचारलं, "नेता कोणाचा होणार?" म्हटलं, ते नंतर बघू. कोत्या मनाची माणसं असाच तपशील विचारतात.

७ ऑगस्ट
वादविवाद मंडळात गेलो. अध्यक्षपद भरलेलं होतं. खुर्च्या मांडायला माणूस हवा होता. निघून आलो.
गायनवृंदात गेलो. दुसऱ्या रांगेत उभं राहा म्हणाले. ज्याला पुढे जायचंय त्याने दुसऱ्या रांगेत कशाला उभं राहायचं?
दोन्ही संस्थांनी माणूस ओळखला नाही. नोंद ठेवली आहे.

१२ ऑगस्ट
विद्यापीठाची मेस बंद! दुरुस्तीसाठी, बेमुदत. गावाकडून आलेली अर्धी पोरं दुपारी तिथेच जेवतात. लिंबर डोक्याला हात लावून बसला. मला आनंद लपवता येईना. पुढच्या महिन्यात विद्यार्थी मंडळाची निवडणूक आहे, आणि हा विषय आपल्या पायांनी चालत आला.
लगेच पॅनल काढलं. नाव: उगवता सूर्य. अध्यक्ष मी. सरचिटणीस लिंबर. सभासद नायदा, आमच्याच वर्गातली, पोतोसी शहराकडची. बोलते कमी, पण कॅन्टीनपासून वसतिगृहापर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारते. तिचा गर्दी जमवायला उपयोग होईल.

१४ ऑगस्ट
पहिली बैठक. मी तासभर बोललो. मध्येच नायदाने विचारलं, "उद्या दुपारी ही पोरं खाणार काय?" शांतपणे समजावलं की जेवण हा चौथा विषय आहे, आपण अजून पहिल्यावर आहोत, म्हणजे सूर्याला किरणं किती काढायची. ती उठून गेली. शिस्त नाही.

१६ ऑगस्ट
नायदाने बाजारातल्या आपल्या आत्याकडून भलंमोठं पातेलं आणलं. लिंबरने ओळखीच्या ट्रकवाल्याकडून बटाट्याची पोती उतरवून घेतली. मेसच्या मागच्या अंगणात तीन दगडांवर शेंगदाण्याचं सूप शिजवलं. मला न विचारता!
लिंबर म्हणाला, "भाषण कर, पण हातात सुरी घे." त्याला सांगितलं, नेत्याची प्रतिमा आणि बटाट्याची सालं एकत्र जात नाहीत. बाजूला बसून जाहीरनामा लिहिला. सूप दोन वाट्या घेतलं. लोकभावना चाखून बघावी लागते.

२२ ऑगस्ट
रांग आता ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत जाते. हे सगळे माझे मतदार. बाकावर चढून भाषण सुरू केलं. पहिल्या वाक्यालाच मागून एकजण ओरडला, "ए दादा, बोलायचं तर बोल, पण मध्ये घुसायचं नाही!" हशा. हसणारे लोक नंतर निष्ठावान होतात.

२८ ऑगस्ट
पोस्टर आली. हाताची घडी, नजर दूरवर. मागे सूर्य. छान जमलंय.
दुपारी अंगणात गेलो तर चुलीत माझा चेहरा. नायदा म्हणाली, "लाकडं ओली होती रे. तुझ्या पोस्टरचा कागद मस्त पेटतो." यात कौतुक होतं की काय, विचार करतोय.
आईचा फोन. जेवतोस का, विचारलं. म्हटलं, जेवणाचं सोड, तुझा मुलगा मंडळाचा अध्यक्ष होतोय. तिने ते आधी शेजारणीला ओरडून सांगितलं. मग म्हणाली, शपथविधीला मी येणार. तुझ्यासाठी स्वतः लोकरीची माळ विणते.

५ सप्टेंबर
इतिहासासाठी लिहितो.
आज पॅनलची उमेदवारी ठरायची होती. ती ठरलेलीच होती म्हणून मी न्हाव्याकडे गेलो. तिथून खोलीवर, आरशासमोर, विजयाच्या भाषणाचा सराव. अंगणात पोचलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. मला वाटलं माझ्यासाठी. हात वर केला.
टाळ्या नायदासाठी होत्या. तीच उमेदवार. माझ्या पॅनलची! आणि नाव सुचवलं कोणी? लिंबरने.
त्याला बाजूला ओढलं. तो म्हणाला, "तुला बोलवायला दोनदा माणूस पाठवला. तू दार उघडलं नाहीस. आतून म्हणालास, अध्यक्ष कामात आहेत."
खरं आहे, म्हणालो होतो. पण मित्राने वाट बघायला नको?
पाठीत सुरा, तोही पहिलीपासूनच्या मित्राने.

६ सप्टेंबर
नवं पॅनल काढलं. नाव: खरा उगवता सूर्य. अध्यक्ष, सरचिटणीस आणि सभासद मीच. आता फितुरी अशक्य.

९ सप्टेंबर
लिंबरशी अबोला. तो टेबलावर माझ्यासाठी ताट झाकून ठेवतो. गद्दारांचं अन्न मी शिवत नाही.
संध्याकाळी शिवलं. बटाट्याचा काय दोष.

१२ सप्टेंबर
उमेदवारांची जाहीर सभा. नायदा आली ती सुपाचे हात पुसतच. म्हणाली, डीनसाहेबांकडे रोज जाऊन बसते, मेस एकवीस तारखेला उघडेल असं त्यांनी सर्वांसमोर कबूल केलंय, नाही उघडली तर आपण पातेलं घेऊन त्यांच्या दारात स्वयंपाक करू. बसली. एवढंच! ना इतिहास, ना विचार.
मी क्रांतीपासून सुरुवात केली. मेसपर्यंत पोचायच्या आतच माईक बंद पडला. आपोआप पडला असं सांगतात. मी थांबल्यावर मात्र टाळ्यांचा कडकडाट.

१६ सप्टेंबर
हरलो.
आकडा लिहीत नाही. ज्यांनी हातात हात घेऊन शब्द दिला होता, तेवढ्यांनी जरी पाळला असता तरी तो बरा दिसला असता. फटाके वाजले, नायदाच्या केसांत मूठमूठ रंगीत कागदाचे कपटे. एक मूठ माझ्याही डोक्यावर पडली. लिंबरची होती.
त्याला सरळ विचारलं, तू तरी मला मत दिलंस ना? मला वाटलं निदान खोटं बोलेल. म्हणाला, "नाही दिलं. तू मला मित्र म्हणून हवास, ग्रोवर. अध्यक्ष म्हणून नकोस."
असं तोंडावर कोणी बोलतं का?
तेवढ्यात आईचा फोन. "झालं का रे?" मी म्हटलं, "झालं." मतदान झालंच होतं. ती रडायला लागली, आनंदाने. मग मी फोन ठेवला. लाइन पण खराब होती.

१८ सप्टेंबर
आईला कळवायचं. उद्या नक्की.

१९ सप्टेंबर
फोन लागला. तिने उचलला आणि आधी शेजारणीला सांगितलं, "अध्यक्षांचा फोन." मी म्हटलं, इथे रात्री गार असतं, स्वेटर आण.

२० सप्टेंबर
आई आली. मला बस टर्मिनलवर जायला जमलं नाही. लिंबर गेला. आणताना त्याने काही सांगितलं नाही. मला वाटलं सांगेल. ऐन वेळी तोंड बंद ठेवणं हाही विश्वासघातच.
ती सरळ अंगणात आली. पाठीवर गाठोडं, त्यात चुन्यो, म्हणजे आमच्याकडचे थंडीत वाळवलेले बटाटे, आणि लोकरीची माळ, लाल-पिवळी. रांगेतल्या एका मुलीला तिने मोठ्या ऐटीत विचारलं, "अध्यक्ष कुठे आहेत?" मुलीने हाक मारली, "नायदा, तुझ्याकडे पाहुण्या आल्यात!"
मी खांबाजवळ उभा होतो. आईने नायदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दूरवर बघितलं. पोस्टरमधल्यासारखं जमलं नाही.
आईने माळ काढली आणि नायदाच्या गळ्यात घातली. म्हणाली, "बाई, परक्याची पोरं जेवू घातलीस. माझंही जेवलं असेल त्यात."
नायदा म्हणाली, "रोज जेवतो, मावशी. दोन वाट्या."
मग दोघी चुन्यो भिजवायला बसल्या. आईसुद्धा त्यांच्या बाजूला गेली.

२१ सप्टेंबर, विद्यार्थी दिन
मेस उघडली. डीनने फीत कापली, नायदाने त्यांना आत नेऊन नळ सोडून दाखवायला लावलं. मी गेलो नाही. आईला टर्मिनलवर सोडायला गेलो, लिंबर गाठोडं घेऊन आला.
माझ्याकडे पूर्ण खुलासा तयार होता: लिंबरची फितुरी, बंद पडलेला माईक, खराब लाइन. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हरलास त्याचं काही नाही रे. मी गावभर सांगून आले. दुकानात, चर्चमध्ये, तुझ्या बाबांच्या थडग्यावर. मला का फसवलंस?"
मी तिचं तिकीट पुन्हा एकदा तपासलं.
बस आली. ती चढली. खिडकीतून तिने लिंबरला सांगितलं, याच्याकडे लक्ष ठेव. मला हात केला, पण जरा उशिरा.
बस गेल्यावर लिंबर चालायला लागला. त्याच्याशी माझा अबोला अजून आहे. पण खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. मी मागून निघालो. पुलाजवळ तो थांबला, मी येतोय का ते त्याने वळून पाहिलं.
मी येत होतो.