न ओढता नेलेली फाइल

बाई, त्या सकाळी टँकर उशिरा आला. मी कळशा आणि तेलाचा रिकामा डबा गल्लीच्या तोंडाशी रांगेत लावून आले होते आणि रांगेवर लक्ष राहावं म्हणून दारातच भाकरी थापत होते. तांदळाचं धुवण आदल्या दिवसाचं ठेवलेलं होतं, त्यात भांडी विसळली आणि ते पाणी पुन्हा बादलीत धरलं. अंघोळ केली नाही, ओल्या फडक्यानं मान आणि हात पुसले. लातूर माझ्यासाठी नवा जिल्हा. मुखेडहून निघताना आई म्हणाली होती, "दुष्काळात मान्सं पाणी बघून जातात. तू आमच्याहून कोरड्या गावाला निघालीस." हे गेल्यावर यांच्या जागेवर मला नोकरी मिळणार होती आणि ऑफिस लातूरला होतं, त्यामुळे बोलण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही पोरी आईजवळ ठेवल्या. नेमणुकीचा कागद आला की तुम्हाला न्यायला येते, असं सांगून आले. धाकटीनं विचारलं, "कवा येतो कागद?" थोरली तिच्यावर खेकसली, "आल्यावर कळंल की."

तुम्हाला हे सगळं माहीत होतं. ऑफिसात मला कोणी काही विचारलं नाही, ते तुमच्यामुळे असावं. आपल्या संस्थेच्या शाळा नांदेड आणि लातूर दोन्हीकडे, आणि तोवर सगळा कारभार नांदेडहून चालायचा. त्या वर्षी लातूरला वेगळं ऑफिस झालं. तुम्ही हेडक्लार्क झालात, आणि सगळे त्या ऑफिसला 'नवा जिल्हा' म्हणू लागले. नांदेडच्या संगणकातलं सगळं उचलून आपल्याकडे आणलेलं, एकाच ढिगात. त्यातल्या माणसांच्या फायली वेगळ्या करायच्या होत्या. नांदेड एका फोल्डरात, लातूर एका, निवृत्त एका, मयत एका. कागद येईपर्यंत हे काम तुम्ही मला दिलंत. मी दहावी नापास. हे शाळेत शिपाई होते, तिथल्या कपाटातली पुस्तकं घरी आणायचे आणि मी चुलीपुढे ती वाचायची, एवढंच माझं शिक्षण. संगणकाचा उंदीर हातात धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडे पळायचा. टेबलावर काच होती, तिच्यावर तो नीट चालायचाही नाही, म्हणून खाली जुन्या कॅलेंडरचं पान ठेवलेलं.

मी फाइल धरायची, बोट दाबून ठेवायचं आणि ओढत ओढत फोल्डरापर्यंत न्यायची. मध्येच बोट सुटायचं. फाइल शेजारच्याच फोल्डरात पडायची आणि मग दिसायचीच नाही. रेणापूरचे एक मास्तर रजेच्या कामाला आले होते, समोर खुर्चीवर बसून चहा पीत होते. तुम्ही त्यांची फाइल शोधत होतात. लातूरमध्ये नाही, नांदेडमध्ये नाही. मग तुम्ही माझ्याकडे मान वळवली.

"अगं, मास्तरला मयतात टाकलंस की!"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मॅडम, घरी कळवू नका. बायको लगेच पेन्शन मागायला यील."

सगळे हसले, तुम्हीही हसलात. मला रडू आलं. मास्तर गेल्यावर तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "ओढू नको. माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं त्याला किती वर्षं झाली. आता मी माझ्या हाताखाली फायली ओढू देऊ व्हय?" हे तुम्ही चेष्टेच्याच आवाजात म्हणालात. पण मला हसावं का नाही ते कळलं नाही, म्हणून मी खाली बघितलं. आमच्या घरी म्हातारी माणसं कुरकुरायची की पूर्वी मेलेलं जनावर न्यायला लोक यायचे, आता येत नाहीत. ते यायचे ते कोण, आणि त्यांनी यायचं बंद का केलं, हे मी लहानपणी विचारलं नव्हतं. ते मी पुढे वाचून समजून घेतलं, बऱ्याच वर्षांनी. तोवर तुम्ही निवृत्त होऊन गेला होतात.

मग तुम्ही दाखवलंत. फाइलवर एकदा टिचकी. कंट्रोल दाबून एक्स. जिथं न्यायची ते फोल्डर उघडायचं, कंट्रोल दाबून व्ही. मधल्या वाटेत बोट दाबून ठेवायची गरज नाही, काही पडायचं नाही. मी एक्स दाबलं तर फाइल फिकी झाली. मी घाबरून हात काढला.

"गेली का बाई?"

"न्हाई गेली. तू दुसरीकडं ठेवीपर्यंत ती हितंच राहती. फकस्त फिकी दिसती. मन बदललं तर सोडून दे, पुन्हा पहिल्यासारखी होती."

त्यानंतर माझं काम भराभर झालं. लातूरची माणसं लातूरला गेली, नांदेडची नांदेडला. आणि ढिगात खाली मुखेडच्या शाळेच्या यादीत यांची फाइल निघाली. फोटोसकट. मला ठाऊक होतं ती असणार. तुम्ही आधीच सांगितलं होतं की यांची फाइल मयतमध्ये गेल्याशिवाय त्या जागेवर माझी फाइल उघडता येणार नाही, आणि माझी उघडल्याशिवाय कागद निघणार नाही. मी एक्स दाबलं. हे फिके झाले. मयत उघडलं. व्हीवर बोट ठेवलं आणि तसंच उचललं. संगणक बंद करून घरी गेले. सकाळी परत सुरू केला तर फाइल होती तशी ठळक. रात्रीतून संगणक कापलेलं विसरतो, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशीही तेच केलं. पुढचे काही दिवस रोज तेच. पाणी भरायचं, भाकरी करायची, ऑफिसात येऊन यांना फिकं करायचं आणि घरी जायचं. तिकडे आईचा फोन, थोरली जेवत नाही म्हणून.

तुमच्या लक्षात आलं होतं. शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं. सगळे गेल्यावर तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात.

"कामून थांबून राहिलीस?"

मी म्हणाले, "काही नाही."

"मी करू का?"

"नको."

"मग कर. तू थांबलीस म्हणून तुझा मालक थांबलेला न्हाई. पोरी मातर थांबल्यात." तुमचा आवाज कडक होता. मला राग आला. घरचंही माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. सगळे सांभाळून बोलायचे.

तुम्ही जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. तुमची फाइल निवृत्तमध्ये आहे. निवृत्त माणूस पुढे वारला तर त्याला मयतमध्ये न्यायचं असं आपल्याकडे ठरलेलं नाही, म्हणून तुम्ही अजून निवृत्तच आहात. नवीन मुलींना मी काम शिकवते तेव्हा ओढू देत नाही. त्यांना वाटतं माझी जुनी सवय आहे. तुमच्या आज्याची गोष्ट मी त्यांना सांगत नाही. ती सांगणं माझं नाही, असं वाटतं. तुमच्याशी मात्र तिच्याबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. आता हे लिहून झालं तरी कुठे पाठवायचं नाहीच.

त्या शनिवारी तुम्ही मागे उभ्या असताना मी यांची फाइल कापली, मयत उघडलं आणि ठेवली. मुखेडच्या यादीतली खालची नावं एक जागा वर सरकली. तुम्ही म्हणालात, "झालं. आता तुझी उघडते. कागदाची वाट बघू नको, पोरींना घेऊन ये." मग जाता जाता विचारलंत, "डोळे मिटले होतेस का गं?" मी नाही म्हणाले. मिटले होते, बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी मुखेडला गेले आणि पोरींना घेऊन आले.