सेलासीला जे मिळाले नाही

हे मृत्युपत्र कोणत्या सरकारच्या कायद्याप्रमाणे ग्राह्य धरले जाईल? मला सांगता येत नाही. कॉलेजात शिकलेली राज्यघटना लष्कराने स्थगित केली, आणि ती बातमी रेडिओवर मीच वाचली. तरीही मी, एन्योनाम आमेतेफे, वय सव्वीस, अविवाहित, घरातली पहिली पदवीधर, सरकारी नभोवाणीत वृत्तनिवेदक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते.

आईला वाचता येत नाही. मामा, तुम्ही वाचून दाखवा. सावकाश वाचा.

उद्या लष्करी राजवटीला वर्ष होईल. सकाळच्या बातम्यांत मी वाचायचे आहे की सत्तांतर रक्ताचा थेंब न सांडता झाले. त्या वाक्याच्या जागी मी त्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर मारलेल्या पहारेकऱ्यांची नावे वाचणार आहे. माझा धाकटा भाऊ सेलासी त्यांत आहे. नावे मला पाठ आहेत, कारण त्यांच्या आया माझ्या आईच्या कापडाच्या दुकानात येऊन बसतात.

घर आईचे आहे. माझ्या पगारातून घातलेले पत्रेही तिचेच. वडिलांकडची मंडळी म्हणाली होती, "पोरीला शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला कसावा खुरपणं." त्यांनी पावसातसुद्धा त्या पत्र्यांखाली उभे राहू नये.

पोस्टातली बचत अफीवा शिंपिणीच्या मुलीच्या शिक्षणासाठी. तिला राज्यघटना शिकवावी. स्थगित असली तरी शिकवावी.

माझ्या पेटीतली कापडे आईने दुकानाच्या तोट्यापायी विकू नयेत. प्रत्येक राज्यकर्त्याचा चेहरा छापलेले कापड आले की आई गठ्ठा भरते आणि तो राज्यकर्ता पडला की तिचे नुकसान होते. पहिल्या जनरलच्या तिने उशा शिवल्या. "बसायच्या तरी कामी आला," म्हणाली. आताच्या कर्नलचे कापड माझ्या अंत्यविधीला कोणी नेसू नये.

नभोवाणीच्या संचालकांना माझ्या टेबलातल्या आल्याच्या गोळ्या द्याव्यात. ते मला म्हणत, "पोरी, तू आवाज गोड ठेव, बाकीचं आम्ही बघतो." आता बोलायची पाळी त्यांची येईल. घसा सुकेल.

शेवटचे कलम माझ्या देहाचे. तो परत मिळणार नाही असे धरून चालावे.

सेलासीसाठी आई छावणीच्या फाटकावर गेली तेव्हा मी बरोबर होते. पहारेकरी म्हणाला, "कसला मुडदा, मावशी? कुणी मेलेलंच नाही."

"बरं," आई म्हणाली. "मग त्याला जेवायला घरी पाठव."



आमच्यात बाहेर मेलेल्याचे केस आणि नखे गावी आणून पुरतात. तेवढ्याने माणूस घरी आला असे मानतात. पण लष्करात सेलासीचे डोके भादरलेले असे. आईने त्याची उशी उसवली, टोप्या उलट्या केल्या. एक केस निघाला नाही. म्हणून त्याचा विधी झाला नाही, आणि वर्षभर ती त्याचे ताट वाढून ठेवते. दुसरे ताट तिने वाढू नये.

काल दुपारी मी अफीवाकडून केस कापून घेतले. आईने पाहिले.

"उवा झाल्या की नोकरी गेली?"

"उकडत होतं."

"या गार वाऱ्यात?" मग तिची नजर माझ्या मुळापासून कापलेल्या नखांकडे गेली. आत जाऊन कोको पावडरचा रिकामा डबा घेऊन आली आणि फडक्याने आतून पुसू लागली.

केस आणि नखे त्या डब्यात आहेत. झाकण मेणाने बंद केले आहे. डबा आईच्या उशाशी आहे.

सही: एन्योनाम आमेतेफे
साक्षीदार: क्वामला, मामा. मजकूर ऐकला, पटला नाही, सही केली.
साक्षीदार: अफीवा, शिंपीण. केस मी कापले.
विटोकोपे, १२ जानेवारी १९७९