टोपड्याचं माप

९ मार्च, दुपार

चि. पंडितास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे आपापल्या जागी आहोत. तुझं पत्र आणि शब्दांची यादी पोचली. शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढायची आणि अर्थ विचारायचे शिंप्याच्या मुलीला, तुझ्या ऑफिसची कमाल आहे! पण गुराढोरांच्या घरात पडल्यापासून मीही थोडी शहाणी झाले आहे. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की तू पाठवलेलं टोपडं अंदाजाने बेतलं होतंस, ते बाळाला बसलं का? त्याचं उत्तर मीही शेवटीच देते. आधी तुझं काम.

पहिलारू म्हणजे पहिल्यांदा विणारी गाय. तिला काहीच ठाऊक नसतं, म्हणून कुणीतरी जवळ थांबावं लागतं. तुझे दाजी थांबतात. ती उठली की उठतात, बसली की बसतात.

चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, दाट आणि पिवळसर. वासराच्या पोटात तो लवकरात लवकर जायला हवा, हे ठळक अक्षरांत छाप.

पान्हा म्हणजे कासेत दूध उतरणं. वासरू जवळ आलं की गाय पान्हा सोडते. मनात नसेल तर चोरते, मग कितीही ओढा, थेंब येत नाही. गाईला हे जमतं. बाईला जमत नाही.

आटवणं म्हणजे दूध हळूहळू बंद करणं. धार काढणं कमी करायचं, खुराक तोडायचा. दाजींना दुसरी पद्धत माहीतच नाही. म्हणून त्यांनी एके दिवशी माझ्या ताटातलं निम्मं जेवण काढून ठेवलं आणि पाण्याचा तांब्याही उचलून नेला. नेमक्या तेव्हाच नर्सबाई मला तपासायला आल्या.

"अहो, ही काय म्हैस आहे का? पोटभर जेवू द्या तिला!"

मला हसू आलं, पंडिता. त्या सगळ्यात हसू आलं. दाजी मात्र गोठ्यात जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत घरात आले नाहीत.

एवढ्यावरून तुला कळलंच असेल. तरी लिहिते, कारण हातात पेन आहे तोवर बरं वाटतंय.

यादीत नसलेली एक गोष्ट सांगते. मेंढीचं कोकरू दगावलं तर त्याचं कातडं काढून आईविना राहिलेल्या दुसऱ्या कोकराच्या अंगावर बांधतात. मेंढीला वास ओळखीचा लागतो आणि ती त्याला पाजते. याला काय म्हणतात, असं मी दाजींना विचारलं. "म्हणायचं काय त्यात? बांधायचं," ते म्हणाले.

परवा त्यांनी ते माझ्यासमोर केलं. मेंढीने हुंगलं, बाजूला झाली, परत येऊन हुंगलं. मग ते पोर लुचू लागलं आणि ती शांत उभी राहिली. अगं बये, ते तुझं नाही, असं ओरडावंसं वाटलं मला. आणि त्याच क्षणी माझं पोलकं भिजलं. तिचा इतका हेवा वाटला की मी कुंपण धरून खाली बसले. दाजी धावत आले.

"चुकलंच माझं. तुला इथं आणायला नको होतं."

मग आम्ही दोघंही तिथेच रडलो. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुला भाची झाली होती रे. ती रडलीच नाही. डॉक्टर बराच वेळ झटले. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. "मामा बोलतोय" असं म्हणाला असतास, तर मी काय करणार होते?

टोपडं ठेवून देऊ, पुढे उपयोगी पडेल, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. मीच ते तिला घातलं, हनुवटीखाली नाडी बांधली. माप अगदी बरोबर निघालं. बाबांनीसुद्धा इतकं नेमकं बेतलं नसतं. तिला नेताना ते तिच्या डोक्यावरच राहू दिलं.

यादीतला 'भाकड' तेवढा राहिला. त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला तरी विचार.

तुझ्या भाचीची आई