समोरची साखळी

बाबा, आज शेगाव स्टेशनबाहेर लोखंडी गर्डर लादलेला ट्रक उभा होता आणि माझी नजर आधी माल केबिनकडे सरकू न देणाऱ्या समोरच्या साखळीवर गेली. ही खोड तुमचीच. मालधक्क्यावर एका हमालाने ती वेळेआधी सैल केली, तेव्हा तुम्ही त्याला चारचौघांत झापलं होतं, "मांगची सुटली तं माल रस्त्यावर पडते. समोरची सुटली तं मानूस जाते बे." तुमच्यासारखी साखळी कोणी आवळत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला त्याची केवढी ऐट वाटायची.

संग्रामपूरकडच्या पुलाचे गर्डर न्यायचे होते, त्याच गाडीने आईला माहेरी सोडायचं ठरलं होतं. आम्ही दोघी केबिनमध्ये बसलोही होतो. तेवढ्यात कंत्राटदार आला आणि तुम्ही आईला खाली उतरवलंत. "सायेब आत बसतीन. तू वर बस, मी गाडी हयूच नेतो." आई निमूट गर्डरवर चढली, केबिन आणि गर्डरच्या मधल्या फटीत पाय सोडून बसली. "हे साखयी रुतते," एवढंच म्हणाली. "थांब, सोडतो थे," म्हणत तुम्ही समोरची साखळी सोडलीत. मी खिडकीतून बघत होते.

वरवटच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबलात. मागून केबिनवर दणका बसतो, आई ओरडते, आणि कंत्राटदार विचारतो काय झालं. तुम्ही आधी त्याला उत्तर देता. "साखयी तुटली, सायेब." मग खाली उतरता.

आईचा पाय गुडघ्याखाली गेला. ती न तुटलेली साखळी पुढे कितीतरी वर्षं तुमच्या गाडीवर होती आणि मला तिच्याकडे बघवत नसे. आई जन्मभर लोकांना साहेबाला दिलेलं तुमचंच उत्तर सांगत राहिली. एकदा मी चिडले, तर म्हणाली, "माह्यासाठीच सोडली न त्यायनं." तिच्यासाठी नाही, बाबा. साहेबाला वर बस म्हणायची तुमची छाती झाली नाही, म्हणून सोडलीत. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

हे लिहिलेलं मी घरात कोणाला दाखवणार नाही. काल मुलाने विचारलं, आजीचा पाय कसा गेला? खरं सांगायलाच मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, साखळी तुटली.