पेशींनी सोडलेले निरोप

आबा, तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली, तरी मी अजून तुमचीच लेक आहे. कुणाचं काही पटकन खरं मानत नाही. वडीगोद्रीला मेंढ्यांना औषध पाजायचं तर तुम्ही आधी बाटलीचा वास घ्यायचात, मग दुकानदाराकडे रोखून बघायचात. मी एकदा हसले, तर फटकारलंत, "हसू नको. कुनी सांगितलं म्हून मानायचं न्हाई."

त्या साथीत तुम्हाला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय. आठव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन येतात. म्हणतात, "जंतूंपेक्षा आता यांच्याच पांढऱ्या पेशींची भीती आहे. त्या चवताळल्यात. त्यांना दाबणारं इंजेक्शन द्यायचंय, सही करा." आजारी माणसाची प्रतिकारशक्ती दाबायची? मला वाटलं, ही बाई स्वतःची काहीतरी चूक झाकतेय. ऑक्सिजनच्या मास्कमधून तुम्ही विचारलंत, "काय टोचून राह्यले?" मी म्हणाले, "थांबा आबा, मी बघते." तुम्ही डोळे मिटलेत. एवढा भरवसा तुम्ही दुसऱ्या कुणावर टाकलेला मला आठवत नाही. सही मी दुसऱ्या दिवशी सकाळी केली. संध्याकाळी तुम्ही गेलात.

आता मी प्रयोगशाळेत याच पेशींवर काम करते. जंतूची खूण आवरणाला लागली की पेशी आत नवी प्रथिनं घडवायला घेते, बारीक पिशव्यांत भरते. पिशवी कडेला जाऊन टेकते, उघडते, आणि निरोप बाहेर पडतो: इकडे या. बाकीच्या पेशी धावून येतात, त्याही निरोप सोडतात. हे वेळेत थांबलं तर माणूस बरा होतो. नाही थांबलं, तर त्या निरोपांमुळेच फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे बाई खरं बोलत होत्या. मी हे पुन्हापुन्हा तपासलं, कुठेतरी त्यांची चूक सापडेल म्हणून. इंजेक्शन आदल्या दुपारीच दिलं असतं तर तुम्ही वाचला असतात का, हे कुणालाच सांगता येत नाही. 'वाचले नसतेच' म्हणणाऱ्यांवर तर माझा बिलकुल विश्वास बसत नाही; ते माझं मन राखून बोलतात.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. आई अजून अधूनमधून विचारते, "त्ये इंजेक्शन इतकं उशिरा का दिलं गं त्यांनी?" मी सांगते, शहरात मिळतच नव्हतं. कालही तेच सांगितलं.